अपडेटच्या आडून घुसणारे नको ते प्रोग्राम: थांबवायचे कसे, काढायचे कसे

आधी एकच सांगते, मग बाकीचं. अपडेट बंद करू नका. नको ते प्रोग्राम घुसतात म्हणून वैतागून सगळे अपडेट बंद करून टाकणारी माणसं मी इतकी बघितलीयेत की हे लिहायला बसले त्याचं कारणच ते आहे. राग बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, पण तो भलत्याच ठिकाणी निघतो आणि नुकसान आपलंच होतं.

माझा मामा गिरगावात राहतो, सोसायटीचा खजिनदार आहे, वय ६८, मेंटेनन्सच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, सभेची नोटीस सगळं घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः करतो आणि नीट करतो. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, अगं कॉम्प्युटर धड चालूच होत नाहीये, दहा दहा मिनिटं लागतात, आणि कुठलंतरी अँटीव्हायरस सारखं सांगतंय तुमचा पीसी धोक्यात आहे, पैसे भरा. रविवारी गेले. बघितलं तर एका फुकटच्या पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरचा अपडेट आला होता, मामाने नेहमीसारखं नेक्स्ट नेक्स्ट केलं, आणि त्या एका अपडेटबरोबर तीन गोष्टी आत आल्या होत्या, एक ट्रायलवालं अँटीव्हायरस, एक नवीन ब्राउझर जो स्वतःच डिफॉल्ट होऊन बसला, आणि एक पीसी क्लीनर जो दर तासाला पाचशे-सहाशे चुका सापडल्या म्हणून ओरडत होता. मामी चहा घेऊन आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, पूर्वी गॅसचं कनेक्शन घ्यायला गेलं की शेगडी पण आमच्याकडूनच घ्या म्हणायचे, तसलाच प्रकार हा. अगदी तसलाच. फरक एवढाच की तिथे निदान तोंडावर सांगायचे.

ते तीन प्रोग्राम मी तासाभरात काढले, त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिलमध्ये असाच कुठलातरी टूलबार, म्हणजे ब्राउझरच्या वर बसणारी बटणांची पट्टी, घुसला होता म्हणून मामाने खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावून विंडोजचे सगळे अपडेट बंद करून घेतले होते. म्हणजे सात महिने एकही सिक्युरिटी अपडेट नाही, आणि त्याच कॉम्प्युटरवरून सोसायटीच्या खात्याचं नेटबँकिंग. आणि त्या पीडीएफवाल्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा अपडेटर वेगळा असतो, तो कुणी बंद केलाच नव्हता. जे चालू पाहिजे ते बंद, जे बंद पाहिजे ते चालू. मी विचारलं तर म्हणाला, मला वाटलं अपडेट म्हणजे सगळं एकच. आणि त्याला असं का वाटू नये, स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं ना.

अपडेट का पाहिजे हे एका उदाहरणात सांगते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, फायली कुलूपबंद करायचं आणि पैसे मागायचं. ते विंडोजच्या ज्या भोकातून घुसत होतं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट घेतला ते त्या भोकापुरते वाचले. मग २७ जूनला नॉटपेट्या नावाचा तसलाच व्हायरस आला, त्याने पसरण्यासाठी तेच भोक वापरलं, इतरही रस्ते वापरले, आणि त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली तेव्हा आपल्या मुंबईसमोरच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्याच ग्रुपचं कंटेनर टर्मिनलसुद्धा कोलमडलं. आता यातली खरी विचार करायची गोष्ट ही की नॉटपेट्या मुळात सुटला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट पाठवायचा रस्ताच ताब्यात घेतला होता. मी स्वतः दादरला एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, ऑफिसातले नऊ कॉम्प्युटर पण मीच बघते, त्यामुळे हे वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला होता.

म्हणून अपडेटर म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आपण गावाला जाताना शेजाऱ्यांकडे चावी ठेवून जातो, झाडांना पाणी घाला म्हणून. अपडेटर म्हणजे ती चावी. आपण नसताना घरात शिरायची परवानगी, एका ठराविक कामासाठी. त्या चावीने आत येऊन कुणी आपलं जुनं कपाट हॉलमध्ये ठेवून गेलं तर आपण पुढच्या वेळी चावीच देणार नाही, आणि मग झाडं मरतात. कंपन्या जे करतायत ते हे आहे, आणि मला याचीच चीड येते.

हे काही नवीन नाही. मार्च २००८ मध्ये ॲपलच्या विंडोजवरच्या अपडेटरने आयट्यून्स आणि क्विकटाइम वापरणाऱ्यांना सफारी ब्राउझर द्यायला सुरुवात केली, ज्यांच्याकडे सफारी कधी नव्हताच त्यांनासुद्धा, आणि टिक आधीच मारलेली. तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ जॉन लिली यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि त्यांचा मुद्दा हाच होता की अशाने लोकांचा अपडेटवरचाच विश्वास उडतो, आणि ते सगळ्या वेबच्या सुरक्षेला वाईट. पुढच्याच महिन्यात ॲपलने त्या खिडकीत अपडेट वेगळे आणि नवीन सॉफ्टवेअर वेगळं असे दोन भाग केले. टिक मात्र तशीच राहिली.

मग जावा, दुसरे प्रोग्राम चालवायला लागणारं एक सॉफ्टवेअर. ज्यांनी सीएच्या ऑफिसात किंवा ई-टेंडर भरण्यात दिवस काढलेत त्यांना सांगायलाच नको, इन्कम टॅक्सची जावा युटिलिटी, पोर्टलवर डीएससी म्हणजे डिजिटल सही लावायची तर जावा, त्यामुळे हवं असो नको असो आपल्याकडे ऑफिसाऑफिसात जावा होतंच. आणि ओरॅकलच्या त्या जावाच्या अपडेटबरोबर कित्येक वर्षं आस्क टूलबार यायचा, टिक आधीच मारलेली, आणि जावाला सिक्युरिटी अपडेट सारखे लागायचे म्हणजे दर वेळी परत तोच प्रश्न, एकदा नाही म्हटलं तरी पुढच्या वेळी परत टिक. २०१३ च्या जानेवारीत त्यातली आणखी एक गोष्ट बाहेर आली, तो टूलबार लगेच बसायचाच नाही, दहा मिनिटं थांबायचा आणि मग गुपचूप बसायचा. म्हणजे तुम्हाला शंका आली, तुम्ही प्रोग्रामांची यादी उघडून बघितली तर काहीच नाही, तुम्ही निश्चिंत, आणि तोवर तो आत. हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं हो, चुकून होत नाही असं.

पैशाचं गणित सोपं आहे. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याला दुसऱ्या कंपनीकडून दर इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. तुमचं नेक्स्ट म्हणजे त्याची कमाई. हे कळलं की इन्स्टॉलरचं प्रत्येक पान वेगळ्या नजरेने बघता येतं, कुठलं बटण मोठं आणि रंगीत केलंय, कुठलं करडं आणि बारीक, आणि का.

आता करायचं काय.

अपडेटची खिडकी उघडली की पहिलं काम म्हणजे घाई सोडायची. ३१ जुलैच्या रात्री रिटर्न भरताना नेमका अपडेट येतो आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट करतो, तेव्हाच घात होतो. त्या क्षणी खरंच वेळ नसेल तर अपडेट उद्यावर टाका पण न वाचता पुढे जाऊ नका. मग एक्स्प्रेस किंवा रेकमेंडेड असं लिहिलेलं असतं ते सोडून कस्टम किंवा ॲडव्हान्स्ड निवडा. कित्येकदा हे कस्टम अशा पुसट अक्षरात असतं की ते दाबताच येत नाही असं वाटतं, पण दाबून बघा, दाबतं. कस्टममध्ये गेल्यावरच त्या लपलेल्या टिका दिसतात. एकेक काढा. वाक्य पूर्ण वाचा, कारण काही ठिकाणी उलटं लिहिलेलं असतं, मला हे नको असेल तर टिक करा अशा छापाचं, तिथे टिक काढली तर उलट होकार जातो.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती दुसऱ्या ॲग्रीमेंटला. पहिलं लायसन्स ॲग्रीमेंट येतं ते तुमच्या सॉफ्टवेअरचं, ॲक्सेप्ट करावंच लागतं. मग दोन पानांनी अजून एक तसंच दिसणारं येतं, तेच ॲक्सेप्ट आणि डिक्लाइन, आणि ते असतं बरोबर आलेल्या पाहुण्याचं. लोकांना वाटतं डिक्लाइन केलं तर सगळंच अडेल. नाही अडत. वरचं नाव वाचा, तुम्ही मागितलेल्या सॉफ्टवेअरचं नसेल तर डिक्लाइन किंवा स्किप, मूळ अपडेट पुढे चालू राहतो. आणि समजा डिक्लाइन केल्यावर खरंच सगळंच बंद पडलं तर ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर ठेवायच्याच लायकीचं नाही, माझं तरी हेच मत आहे.

विंडोज मध्येच स्क्रीन काळपट करून विचारतं ना, या ॲपला बदल करू द्यायचे का, तिथे पब्लिशरचं नाव लिहिलेलं असतं. ते एकदा वाचायची सवय लावा. तुम्ही पीडीएफ रीडर अपडेट करताय आणि नाव तिसऱ्याच कंपनीचं, किंवा पब्लिशर अननोन, तर नो.

फुलस्टॉप इथेच येत नाही, कारण फाइल कुठून घेतली यावर बरंच अवलंबून असतं. गुगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर बहुतेक वेळा जाहिराती येतात आणि त्यात भलत्याच साईट असतात, मोठं हिरवं डाउनलोड बटण असलेल्या. डाउनलोड डॉट कॉम एकेकाळी केवढी नावाजलेली साईट, पण २०११ च्या डिसेंबरमध्ये एनमॅप या नेटवर्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने उघड केलं की तिथून त्याचं सॉफ्टवेअर टूलबारवाल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून दिलं जातंय. सोर्सफोर्ज या दुसऱ्या डाउनलोड साईटवर २०१५ मध्ये गिंप या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तसाच प्रकार झाला, पुढच्या वर्षी मालक बदलले तेव्हा नव्या मालकांनी ती पद्धत बंद केली. म्हणून ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याच्याच साईटवर जायचं, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअर. नवीन कॉम्प्युटरवर पाच-सहा गोष्टी एकदम टाकायच्या असतील तर नाइनाइट नावाची सोय आहे, त्याच्या साईटवर हवं ते निवडायचं, एकच छोटी फाइल मिळते, ती सगळं स्वतः आणून टाकते आणि टूलबार, ऑफर या सगळ्यांना आपल्या वतीने नाही म्हणते, तीच फाइल पुन्हा चालवली की अपडेट पण होतं. ऑफिसात मी हेच वापरते. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला किंवा जुना घेतलेला पीसी असेल तर आधीपासून काय काय टाकून दिलंय तेही एकदा बघाच, दुकानदार चांगला असतो पण त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये कुठल्या काळचं काय असेल त्याचा नेम नाही.

मराठी टायपिंगचं खास सांगते कारण यात आपली माणसं फार अडकतात. कुणाला मराठी टाईप करायचं असतं, तो मराठी टायपिंग सॉफ्टवेअर फ्री डाउनलोड असं शोधतो, आणि पहिल्या पानावर जे मिळेल ते टाकतो, त्याच्याबरोबर अजून चार गोष्टी येतात. काही गरज नाही. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा, विंडोजमध्येच आहे. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेजमध्ये मराठी ॲड करा, मग मराठीच्या ऑप्शन्समध्ये जाऊन मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. मामी याच्यावर आता सोसायटीच्या महिला मंडळाच्या नोटिसा टाईप करते.

आणि खरं सांगू का, सगळ्यात मोठा उपाय वेगळाच आहे. अपडेटर कमी करा. दर फुकट प्रोग्रामाबरोबर एक अपडेटर येतो, म्हणजे अजून एक चावी अजून एका शेजाऱ्याकडे. मामाच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ वाचायला तीन वेगवेगळे प्रोग्राम होते. एकही लागत नाही, पीडीएफ क्रोममध्ये उघडते, एजमध्ये उघडते, पावती प्रिंटही होते. झिप विंडोज स्वतः उघडतं. गाणी-व्हिडिओसाठी व्हीएलसी एक पुरे, तेही त्यांच्याच साईटवरून. ड्रायव्हर अपडेटर, पीसी ऑप्टिमायझर, रजिस्ट्री क्लीनर असल्या नावाचं काहीही असेल तर विचार न करता काढा, घरातल्या कॉम्प्युटरला यातलं काही लागत नाही, ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर, ते विंडोज अपडेटमधून येतात नाहीतर प्रिंटर-लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवरून. प्रिंटरचा ड्रायव्हर घेताना पण फुल पॅकेज न घेता नुसता बेसिक ड्रायव्हर मिळतो का बघा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ-गेम चालवणारं जुनं फ्लॅश प्लेयर कुठे शिल्लक असेल तर काढाच, ते ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं, त्यामुळे फ्लॅश अपडेट करा असं आज कुणी सांगत असेल तर तो शंभर टक्के फसवतोय.

जावा अजून लागतंय का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी आता लागत नाही. लागत असेल तर कंट्रोल पॅनेलमधून जावा उघडा, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये एकदम खाली सप्रेस स्पॉन्सर ऑफर्स अशी एक ओळ आहे, तिथे टिक करा. आणि यादीत जावाच्या तीन-चार व्हर्जन दिसत असतील तर जुन्या काढा, पण एखादं पोर्टल जुनीच व्हर्जन मागत असेल तर आधी विचारा. याच जुन्या व्हर्जनवरून डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओरॅकलला धरलं होतं, कारण अपडेट केलं की तुम्ही सुरक्षित असं सांगायचे आणि जुन्या, भोकं असलेल्या व्हर्जन तशाच मागे राहायच्या.

आता आधीच घुसलं असेल तर.

आधी आठवून बघा, त्रास साधारण कधीपासून सुरू झाला. मग सेटिंगमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि ती नावाप्रमाणे नाही तर इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. ही एक युक्ती शिकलात तरी अर्धं काम झालं, कारण एकत्र आलेली मंडळी एकाच तारखेला एकमेकांना चिकटून दिसतात. मामाच्या यादीत तिघं ओळीने उभे होते, एकाच दिवशीचे. त्यातलं नाव ओळखीचं नसेल तर लगेच उडवू नका, आधी नाव शोधून बघा, कारण व्हिज्युअल सी प्लस प्लस अशा नावाच्या गोष्टी खऱ्या कामाच्या असतात, टॅली, डीएससी टोकनचा ड्रायव्हर, बायोमेट्रिकचं सॉफ्टवेअर यांना तर हातच लावू नका. नको असलेलं अनइन्स्टॉल करताना पण शांतपणे वाचा, तिथे पण नको जाऊ म्हणून रडतात, ठेवा हे मोठं बटण आणि काढा हे बारीक.

ट्रायलवाली अँटीव्हायरस काही वेळा नीट जात नाहीत, शेपूट ठेवतात. त्यासाठी प्रत्येक अँटीव्हायरस कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, ते त्यांच्याच साईटवरून घ्या, चालवा, रीस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून बघा की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर परत चालू झालंय ना. घरच्या वापराला आणि नीट वागणाऱ्या माणसाला ते पुरतं. हे बघायचं विसरू नका, नाहीतर जुनं गेलं आणि नवं आलंच नाही अशी स्थिती होते.

तिथेच विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल म्हणून आहे, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, आणि त्यात पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग. हे चालू करा, त्याखालच्या दोन्ही टिका पण. ही सोय अगदी याच रोगासाठी आहे आणि बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर ती बंदच पडलेली असते. एजमध्ये पण तशीच एक वेगळी सेटिंग प्रायव्हसीच्या भागात आहे.

ब्राउझर वेगळा साफ करावा लागतो, प्रोग्राम काढला म्हणजे ब्राउझर आपोआप ठीक होतो असं नाही. एक्सटेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या जास्तीच्या गोष्टींच्या पानावर जा, जे तुम्ही स्वतः टाकलेलं आठवत नाही ते काढा. सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान बदललंय का बघा. डिफॉल्ट ब्राउझर परत तुमचा करा. एवढं करूनही भलतंच पान उघडत असेल तर डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटच्या ओळीत शेवटी कुठला वेबसाईटचा पत्ता चिकटवलाय का बघा, ही जागा कुणाच्या लक्षात येत नाही. आणि कोपऱ्यात सारखं तुमच्या पीसीत व्हायरस आहे असं येत असेल तर ते बहुतेक वेळा व्हायरस पण नसतं आणि प्रोग्राम पण नसतो, कुठल्यातरी साईटला आपण चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या साईट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स, तिथली अनोळखी नावं काढली की एका मिनिटात शांत. ऑफिसात एकीचा कॉम्प्युटर यासाठी फॉरमॅट करायला निघाले होते लोक.

शेवटी टास्क मॅनेजर, कंट्रोल शिफ्ट एस्केप, त्यातली स्टार्टअपची यादी. कॉम्प्युटर चालू होताना कोण कोण उठतं ते इथे दिसतं, नको ते डिसेबल. एवढं झाल्यावर समाधानासाठी मालवेअरबाइट्सचं ॲडव्हक्लीनर एकदा चालवा, फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, पण त्यांच्याच साईटवरून घ्या. त्यातही सापडलेल्या यादीवर नजर टाकून मगच साफ करा.

विंडोजबद्दल पण बोललं पाहिजे, ते बोललं नाही तर बाकीच्यांवर अन्याय होईल. विंडोज १० फुकट द्यायच्या काळात, २०१५-१६ मध्ये, ती अपग्रेडची खिडकी यायची, आणि मे २०१६ मध्ये अशी वेळ आली की कोपऱ्यातली लाल फुली दाबली तरी ती फुली म्हणजे नकार धरत नव्हते, ठरलेल्या वेळी अपग्रेड व्हायचंच. जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये नाही म्हणायचं स्पष्ट बटण आलं. फुलीचा अर्थ बदलणं ही माझ्या मते हद्द होती, कारण म्हाताऱ्या माणसांना आपण वर्षानुवर्षं हेच शिकवलं की काही कळलं नाही तर फुली दाब. आजही मोठ्या अपडेटनंतर चला सेटअप पूर्ण करूया असं पूर्ण स्क्रीनभर येतं, बॅकअप घ्या, ऑफिसचं सबस्क्रिप्शन घ्या. ते थांबवायला सेटिंग, सिस्टिम, नोटिफिकेशन्समध्ये सगळ्यात खाली जा, तिथे वेलकम एक्सपीरियन्स, सजेशन, टिप्स अशा दोन-तीन ओळी आहेत, सगळ्या बंद करा. पर्सनलायझेशनमध्ये स्टार्टमध्ये पण शिफारशी दाखवा अशी एक आहे, ती पण. आणि अपडेट भर कामात येतो म्हणून ज्यांची तक्रार आहे त्यांनी ॲक्टिव्ह अवर्स लावा, ऑफिसात आम्ही सकाळी ९ ते रात्री ९ लावलंय, अपडेट होतात पण त्या वेळात स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. ज्यांचं अजून विंडोज १० आहे त्यांनी हे पण लक्षात ठेवा की त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

अँड्रॉइड फोनचं थोडक्यात. सिस्टिम अपडेट झाल्यावर पहिल्यांदा फोन उघडतो तेव्हा तुमच्यासाठी निवडलेले ॲप्स अशी यादी येते, आधीच टिका मारलेली, खाली मोठं ओके आणि वर कोपऱ्यात बारीक स्किप. स्किप. होम स्क्रीनवर हॉट ॲप्स असलं फोल्डर आपोआप आलं असेल तर ते दाबून धरा, त्याच्या सेटिंगमध्ये शिफारशी बंद करता येतात. जे ॲप अनइन्स्टॉल होत नाही ते बहुतेक वेळा डिसेबल तरी होतं. आणि सेटिंगमध्ये इन्स्टॉल अननोन ॲप्स शोधा, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांची परवानगी बंद करा. हे आज रात्रीच करा, घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर आधी. कारण गॅसचं बिल अपडेट करा नाहीतर आज रात्री कनेक्शन तोडू, गाडीचं चलान बघा असं सांगून व्हॉट्सॲपवर जी फाइल येते ती बिल नसते, एपीके म्हणजे ॲप टाकायची फाइल असते, आणि ती टाकली की ओटीपी जातात. अपडेट कधीही व्हॉट्सॲपवरून येत नाही आणि मध्येच उघडलेल्या भलत्या वेबसाईटच्या पानावरून पण येत नाही. क्रोम जुनं झालंय असं एखादं पान सांगत असेल तर ते पान बंद करून क्रोमच्या तीन टिंबांत हेल्प, अबाउट मध्ये जाऊन बघा, खरं तेवढं तिथे कळतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तक्रार पण करा. आपण नुसतं काढून टाकतो आणि गप्प बसतो, म्हणून त्यांचं फावतं. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध नियमावली काढलीये, त्यात १३ प्रकार दिलेत, कामाशी संबंध नसलेली भलतीच गोष्ट घ्यायला लावणं, सारखं सारखं विचारून हैराण करणं, स्क्रीनवरचं बटण मुद्दाम लपवणं, प्रश्नच फिरवून विचारणं, हे सगळं त्यात नावानिशी आहे. तेव्हा इन्स्टॉलरच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, तारीख लिहा, आणि नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला, नंबर १९१५, कळवा. मराठीत बोललात तरी चालतं. त्या सॉफ्टवेअरच्या अनइन्स्टॉलच्या शेवटी का काढताय असं विचारतात तिथे पण खरं कारण लिहा, आणि स्टोअरवर रिव्ह्यू टाका म्हणजे पुढचा माणूस सावध होतो.

मामाकडून निघताना त्याच्या कॉम्प्युटरवर दोन गोष्टी करून आले. एक म्हणजे रोजच्या वापराला स्टँडर्ड अकाउंट करून दिलं, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा, कागदावर लिहून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. याने सगळंच अडत नाही, काही प्रोग्राम त्याशिवायही बसतात, पण बहुतेकांना पासवर्ड मागावा लागतो आणि तेवढ्यात माणूस थांबून वाचतो. दुसरं म्हणजे विंडोजचे अपडेट परत चालू केले, सात महिन्यांचे साठलेले सगळे यायला संध्याकाळ झाली, तोवर मामीने थालीपीठं केली. मागच्या आठवड्यात मामाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, प्रिंटरच्या अपडेटची खिडकी, आणि एका टिकेभोवती बोटाने लाल गोल काढलेला. खाली लिहिलं होतं, ही काढली, आता नेक्स्ट करू का. मी लिहिलं, कर.